तिसरा वाटा

१० सप्टेंबर २०१४, बुधवार

आज धरणावर राहायला आली. मला अक्षर येत नाही, म्हणून नातवानं, अतुलनं, मोबाइल हाती दिला. बटन दाबून बोलत जा म्हणे, गोरेगावला त्याची बहीण समीक्षा ऐकून उतरवून ठेवेल. समीक्षा, भावाचं ऐक, पण माझं बोलणं सुधरवू नको. शाळा तू शिकली, बोलणं मी शिकली.

कोहमाऱ्याच्या फाट्यावर चहा घेतला आणि जीपनं आलो. क्वार्टर झकास आहे. दारात उभं राहिलं की पाणीच पाणी. बाजूची क्वार्टरं मात्र रिकामी, त्यांच्या खिडक्यांतून वेली आत गेल्या. अतुल पाणबुड्या. धरणाचं खालचं दार बोगद्यात अडकलं आहे, ते त्याला मोकळं करायचं आहे. धान गर्भाशी आला, लोंब्या भरायला कालव्याला पाणी पाहिजे. पोराला हॉटेलचं जेवण सोसत नाही, म्हणून मी. म्हातारीलाही नोकरी लागली म्हणायची.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज अतुल पोट्ट्यानं मला हवेच्या टाक्या दाखवल्या. पाठीवर दोन, जुळ्या लेकरांसारख्या, वरून नळीनं जोडलेल्या. मध्ये चावी. एक फुटली तर चावी फिरवायची, दुसरीतली हवा वाचते. काखेत तिसरी, लहान. ती वर येतानाची. खोलातून एकदम वर यायचं नाही, थांबत थांबत यायचं. मी म्हटलं, माहेरून निघालेली पोरगी अशीच दर दारात थांबते.

हवेचे तीन वाटे करतात. एक जायचा, एक यायचा, तिसऱ्याला हात लावायचा नाही. तो सोबत्याचा. त्याची हवा संपली तर लांब नळी त्याच्या तोंडात द्यायची. अतुलचा सोबती चंद्रकुमार, लाजरा पोरगा. दोघं उतरले, वर आले. हवा मोजायच्या काट्यावर तिसरा वाटा जशाचा तसा.

चौकीदाराची बायको धुरपताबाई सांगून गेली, दोन वर्षांआधी मनिराम नावाचा पाणबुड्या त्याच बोगद्यात हवा संपून मेला. एकटाच उतरला होता. वाटा द्यायला कोणीच नव्हतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज पितरांतली पंचमी, आमच्या बुढ्याची. कढी-वडे केले. पोरं पहाटेच पाण्यावर, धुरपताबाई माहेरी. जेवायला मी आणि भिंत. कावळाही येईना.

पान घेऊन काठावर गेली, बुढ्याला हाक मारली. मग वाटलं, त्या मनिरामाला कोण वाढत असेल? गंमतीनं म्हटलं, "ये बापा मनिराम. आमच्या पोट्ट्यांजवळ तिसरा वाटा बिनकामाचा पडला आहे, तो तुझा. घे आन बस."

जेवण झालं की पितराला पाणी सोडून जा म्हणायचं असतं. बुढ्याला म्हटलं. मनिरामाला नाही म्हटलं. दिवसभर तोंडाला कुलूप लागतं इथं. कोणी दारात बसलं तर बसू दे.

१५ सप्टेंबर, सोमवार

दुपारी उंबरा ओला होता. भाताचा गंज मी झाकून ठेवला होता, त्यातला भात खाली गेला होता. मी म्हटलं, पाहुण्या, मीठ बरोबर होतं का? हसली एकटीच. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

संध्याकाळी अतुल टाक्या घेऊन बसला. टाक्या पार रिकाम्या आल्या म्हणे. दोघांच्याही, तिसऱ्या वाट्यासकट. त्यानं त्या पाण्यात बुडवून पाहिल्या, चावी पाहिली, नळ्या पाहिल्या. कुठंच बुडबुडा नाही. चंद्रकुमार म्हणाला, तू म्हशीसारखा श्वास घेते. मी हसली नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज पुन्हा. अतुलची लांब नळी गळ्याजवळून आपसूक सुटली होती. तोंडात धरायच्या रबरावर दात उमटले होते. अतुलचे नाही. अतुलचा पुढचा दात अर्धा आहे, मी ओळखते.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आजी, तू एकटी राहून राहिली म्हणून तुला असं सुचते. तेही खरंच.

काठावर जाऊन पाणी सोडलं. जा बापा म्हटलं. दहादा म्हटलं. घरी आली तर उंबऱ्यावर ओली पावलं. बोटं घराच्या आतल्या बाजूला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

चंद्रकुमारला ताप. तो उतरत नाही म्हणे. धरणाचा साहेब आला होता. धान वाळून राहिला, उद्या दार उघडलंच पाहिजे, म्हणाला. अतुल एकटा जाणार.

मी रडली, पाय धरले. तो एवढंच बोलला, "आजी, काखेत आणखी एक टाकी नेतो. आता तं झालं ना?"

नाही झालं. जेवढं नेशील तेवढ्यात त्याचा वाटा. मीच वाढून दिला आहे.

स्वयंपाकघरात कोणी श्वास घेते. पोट्टे नळीतून घेतात तसा. ओढून — मग सोडून —

मी वळून पाहत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काठावर आहे. भर ऊन आहे. चंद्रकुमार तापातच नावेत बसला, दोरी त्याच्या हाती. अतुल खाली गेला.

बुडबुड्यांच्या दोन रांगा दिसून राहिल्या. उतरला एकटा. एक रांग अतुलची. दुसरी तिला लागून —

चंद्रकुमार ओरडला, दोरी हिसकते. तो ओढून राहिला. येत नाही. कोणी खालून धरली —

एक रांग बारीक झाली. पोराची. माझ्या पोराची —

मनिराम. ऐक बापा. हाक मी मारली होती. तो वाटा माझा नव्हता द्यायचा. त्याला सोड. माझ्याजवळ आहे हवा — म्हातारीची आहे, थोडी आहे — सगळी घे. वाटे करू नको. ये, इथं बस माझ्याजवळ —

दुसरी रांग थांबली.

काठाकडे येऊन राहिली. पायरी ओली झाली. माझ्या बाजूची —

छातीत पाणी भरल्यासारखं —

दोरी सुटली. चंद्रकुमार ओढते — डोकं. काळं डोकं वर — अतुल — तोंडातली नळी काढली त्यानं — श्वास घेते, माय — माझ्याकडे पाहून हात —

पितरांत मला हाक मारायची नाही — समीक्षा, त्याला सांग — मी एकटी नाही येणार —