विहिरीचे बेडे उघडे ठेवण्याबाबत

मी, श्रीमती मथुरा भिकाजी आडिवरेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार सड्याखालची वाडी, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र आज राजापुरात वकिलांच्या कचेरीत बसून सांगत आहे आणि वकील अपूर्व साठे ते उतरवून घेत आहेत. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. एका जागी बसवत मात्र नाही. सकाळपासून वकिलांनी मला तीनदा खुर्चीत बसवले आहे.

१. राहते घर व मागचे परसू माझा मुलगा सर्वेश यास देत आहे. तो विरारला असतो, गणपतीला चार दिवस येतो. घर विकले तरी माझी हरकत नाही. देव तेवढे सोबत न्यावेत.

२. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, उत्तरेकडचा माड मोजणीप्रमाणे माझ्या हद्दीत आहे. वाडीचे प्रमुख हरिश्चंद्र गेली पंधरा वर्षे त्याचे नारळ उतरवून नेत आहेत. तो माड मी त्यांनाच देत आहे. निदान यापुढे त्यांच्या हातून चोरी होणार नाही.

३. आता विहीर. ही कुठून आली ते सांगितल्याशिवाय ती कोणाला देता येणार नाही.

सन २००१ मध्ये वाडीची सभा देवळासमोर भरली. निवडणुकीत साऱ्या वाडीची मते एकाच माणसाला जावीत म्हणून प्रत्येक घराने नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची, असे ठरत होते. माझे यजमान म्हणाले, "देव माझा हाय, मतही माझाच हाय. दोघांची गाठ कशाला मारता?" हात वर करायला सांगितले. सत्तेचाळीस घरांपैकी सेहेचाळीस हात वर गेले. त्याच सभेत त्याच हातांनी आम्हाला वाळीत टाकले.

अकरा वर्षे. वाडीच्या पाणवठ्यावर आमची घागर बंद. शिमग्यात पालखी शेजारच्या अंगणातून वळून परत जायची आणि मी ओटीचे ताट घेऊन उंबऱ्यात उभी असायची. यजमानांची स्वतःची बोट होती, तिचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, तेच होते. बोटीवर यायला एक खलाशी मिळेना. बोट विकून ते नाटे बंदरात दुसऱ्याच्या बोटीवर जाळी ओढू लागले. घरी असतील त्या दिवशी पहार घेऊन कातळ फोडत. चौतीस हातांवर पाणी लागले. ती ही विहीर.

२००४ मध्ये सासूबाई वारल्या. खांद्याला चार माणसे हवीत आणि यजमान, माझा भाऊ, माझा चुलतभाऊ असे तिघेच; सर्वेश विरारहून पोचला नव्हता. उन्हे चढत चालली होती. तेवढ्यात शेजारचे गंगाराम शिवलकर चपला काढून अंगणात आले. सभेत त्यांचाही हात वर होता. यजमानांनी तसे बोलून दाखवले.

"भिकाजी, हात वाडीचा होता," गंगारामभाऊ म्हणाले. "खांदा माझा हाय."

यासाठी वाडीने त्यांना देवळात उभे करून माफी मागायला लावली. त्यांनी ती मागितली, आणि घरी जाताना आमच्या अंगणातूनच गेले.

२०१२ मध्ये यजमानांची छाती खराब झाली आणि त्यांनी देवापुढे नारळ ठेवून "चुकलो" म्हटले. तो शब्द त्यांच्याकडून मी वदवून घेतला. वाडीने आम्हाला परत घेतले. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा सारी वाडी लोटली. मला त्या गर्दीचा आनंद झाला होता, हे लिहून ठेवावे.

४. वकील म्हणतात हे कलम मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणते, बसवा.

गंगारामभाऊंचा मुलगा रितेश याने मृणालीशी लग्न केले. ती पलीकडच्या बौद्धवाडीतली. २०२३ च्या शिमग्यात पालखी त्यांच्या दारी आली तेव्हा तिने घरच्या सुनेने करावे तसे पुढे होऊन देवीची ओटी भरली. चौथ्या दिवशी सभा. हरिश्चंद्र म्हणाले, "कोणावर जबरदस्ती नाय. बहुमताने काय ठरेल ता." मग माझ्याकडे वळून, "काय काकी? तुमका सगळा माहीत हाय."

मला सगळे माहीत होते. म्हणूनच माझा हात शेजारणीच्या आधी वर गेला. तो कोणी धरून उचलला नाही.

त्यांचा नळ तोडला. जो पाणी देईल त्याचेही तेच होईल, असे ठरले. मी विहिरीच्या बेड्याला, म्हणजे वाटेवरच्या फाटकाला, कुलूप घातले. गडग्यापलीकडून रितेश मोटारसायकलला कॅन बांधून दोन किलोमीटरवरून पाणी आणतो, तो आवाज आला की मी उठून आत जाते आणि परत बाहेर येते. गंगारामभाऊ पडवीत बसलेले असतात. अडीच वर्षांत ते मला एक शब्द बोललेले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

५. म्हणून मसुद्यात असे लिहिले होते की, माझ्या पश्चात विहीर, तिच्याभोवतीची एक गुंठा जागा व वाट गंगाराम शिवलकर व त्यांचे वारस यांची होईल. गेल्या सोमवारी हा कागद घेऊन मी त्यांच्या दारी गेले. मृणालीने तो उभ्याने वाचला.

"आजी, तुम्ही अजून पंधरा वर्षं जगाल," ती म्हणाली. "तोवर माझ्या पोरीने काय करायचं?"

तिने कागद माझ्या हातात परत दिला.

"ह्यांनी तक्रार दिली आहे. कायदा आहे, पण सभेत काय झालं ते सांगायला माणूस नाही. सगळे म्हणतात, असं काही ठरलंच नाही. विहीर मेल्यावर देताय, त्यापेक्षा जबाब आत्ता द्या."

आतून गंगारामभाऊंचा आवाज आला. "मृणाली, तिका बसायला दे."

मी बसले नाही. घरी येऊन कुलूप काढले.

६. सबब, वरील कलमातील "माझ्या पश्चात" हे शब्द खोडले आहेत व खोडल्या जागी माझी सही आहे. वकील म्हणतात, हयातीत द्यायचे तर बक्षीसपत्र वेगळे करावे लागेल. तेही आजच करत आहे. हे मृत्युपत्र त्या विहिरीपुरते नुसते आधाराला राहील.

७. माझ्या अंत्यविधीला वाडी आली तर अडवू नये. नाही आली तर बोलावू नये. सर्वेशने भांडण करू नये, त्याला भांडता येत नाही.

८. याची अंमलबजावणी वकील अपूर्व साठे यांनी करावी.

वाडीतल्या तिघांना साक्षीसाठी विचारले होते. एकाला ताप आला, एकाला लग्नाला जायचे होते, एकाने सरळ नाही म्हटले. सरळ बोलणाऱ्याचे आभार. खालील दोघे वाडीबाहेरचे असून त्यांना यातून काही मिळणार नाही. त्यांच्या समक्ष मी सही केली व माझ्या समक्ष त्यांनी.

साक्षीदार:
१. डॉ. ऋजुता चिंतामणी लिमये, राजापूर
२. बाबू गोविंद तळेकर, रिक्षाचालक, राजापूर

सही: मथुरा भिकाजी आडिवरेकर

स्थळ: राजापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सहीनंतरची नोंद, सांगणारीच्या आग्रहावरून: बाबूंची रिक्षा खाली उभी आहे. येथून मी परस्पर पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जात आहे.