घाई नाही, पण लवकर

तीर्थरूप वन्सं यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातली एकदोन अंगं हल्ली वाकायला तयार नसतात, तेवढी वजा करून घ्यावी.) इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुमच्या गुडघ्यांची चौकशी पत्रातच करते, कारण मागच्या वेळी फोनवर तुम्ही "बरे आहेत" एवढंच म्हणालात आणि "बिल वाढतंय, ठेवते" म्हणून ठेवून दिलात. वन्सं, आता बोलण्याचं बिल वाढत नाही हे तुम्हाला किती वेळा सांगायचं? तीन जिने नको वाटतात म्हणून तुम्ही दुधाची पिशवी टोपलीला दोरी बांधून वर ओढून घेता, हे तुम्हीच एकदा बोलण्याच्या ओघात सांगून गेलात. तुमच्या बंधुराजांनी ते मनाला लावून घेतलंय. ते काही बोलत नाहीत, पण आमच्याकडे दूध आलं की पिशवीकडे उगाच बघत बसतात. आमच्या जवळ राहायला या, असं आम्ही किती वेळा म्हटलं, आणि तुमचं उत्तर दर वेळी एकच असतं : "बघते, कळवते." या 'कळवते'बद्दल पुढे सविस्तर बोलायचं आहे, तेव्हा चष्मा हाताशी ठेवा.

आता मुख्य बातमी. मला नोकरी लागली. (हसू नका.) आमच्या गल्लीच्या टोकाला नवी इमारत उभी राहतेय, तिची धूळ वर्षभर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत होती. शेवटी एक दिवस मी पदर खोचला आणि त्यांच्या काचेच्या ऑफिसात जाऊन तिथल्या साहेबांना धूळ, आवाज, ट्रकचे हॉर्न आणि त्यांच्या चौकीदाराचं खोकणं या सगळ्यावर असं काही सुनावलं की विचारू नका. साहेब शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं की बाई, तुम्ही दुपारी मोकळ्या असता का? दम न घेता एवढं बोलणारं माणूस ते म्हणे तीन महिने शोधत होते. मी भांडायला गेले होते आणि कानाला लावायचा फोन घेऊन घरी आले. धूळ अजून बसते. पण आता ती आमच्या कंपनीची आहे म्हटल्यावर मी मुकाट्याने झटकते.

काम तसं सोपं आहे. लोक घरबसल्या मोबाइलवर आमच्या इमारतीची चित्रं बघतात. त्याखाली रकाने असतात, त्यात नाव, नंबर आणि कसं घर हवं ते भरलं की आमच्या टेबलावरचं मशीन 'टिंग' करतं. टिंग झालं की पाच मिनिटांच्या आत त्या माणसाला फोन गेलाच पाहिजे, हा साहेबांचा नियम आहे. त्यांचं म्हणणं असं की घर घ्यायची हौस चहासारखी असते, लगेच प्यायली नाही तर तिच्यावर साय धरते, आणि तोवर दुसरा बिल्डर आपला कप पुढे करतो. या घाईपायी आम्ही त्यांचं नाव घाईसाहेब ठेवलंय. ते स्वतः जेवतात तेसुद्धा उभ्याने. माझ्या पाठीमागच्या खुर्चीवर एक तरणाबांड मुलगा बसतो, त्याला तूफान म्हणतात. त्याचा फोन इतक्या लवकर जातो की समोरच्या माणसाचं बोट अजून बटणावरच असतं. लोक दचकतात. एका बाईंना तर वाटलं की मोबाइलच बोलायला लागला, आणि त्यांनी तो बंद करून उशीखाली ठेवला.

माझ्या पहिल्याच फोनला काय झालं ते ऐका. टिंग झालं, मी देवाचं नाव घेतलं आणि फोन लावला. तिकडून बाईचा आवाज. मी पढवल्याप्रमाणे विचारलं, आपण नवीन घर शोधताय ना? मग त्या म्हणाल्या, कोण शोधतंय? झालं होतं असं की त्यांच्या यजमानांनी अंघोळीला जाता जाता चोरून फॉर्म भरला आणि फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. अंगाला साबण लागेपर्यंत इकडे माझा फोन हजर! बाईंनी न्हाणीघराचं दार वाजवलं, दाराच्या दोन बाजूंनी दोघांचं काय बोलणं झालं ते मी सगळं ऐकलं. (फोन ठेवायचा कसा हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.) त्या गृहस्थांना घर वगैरे काही घ्यायचं नव्हतं हो. ऑफिसात साहेब ओरडले की ते मोबाइलवर नव्या घरांची चित्रं बघत बसायचे, तेवढंच जिवाला बरं वाटायचं. पण बाई रागारागाने रविवारी इमारत बघायला आल्या, नवऱ्याला नेमकं काय आवडलं ते तपासायला, आणि ओट्याची लांबी बघून स्वतःच विरघळल्या. घर त्यांनी घेतलं. यजमान अजूनही मला बघून जरा लांबूनच नमस्कार करतात.

सगळ्यात मोठी फजिती दोन फोनांची. एका मिश्कील गृहस्थांनी दोन नंबरांवरून दोनदा फॉर्म भरला. दोन टिंग झाली. एक तूफानने उचललं, एक मी. त्या गृहस्थांनी काय करावं? दोन्ही फोन चालू करून एकमेकांसमोर ठेवले आणि आपण निवांत ऐकत बसले. मी विचारलं, सर, आपलं बजेट किती? तिकडून उलट मलाच प्रश्न, की मॅडम, आपलं बजेट किती? मी म्हटलं, घर तुम्हाला हवंय, आधी तुम्ही सांगा. तो म्हणाला, मॅडम, घर तर आपल्याला हवंय. असं आम्ही बराच वेळ एकमेकांना घर विकत होतो. त्याने मला रविवारी यायचा इतका आग्रह केला की मला नाही म्हणवेना, मी हो म्हटलं. त्यानेही मला हो म्हटलं. फोन ठेवून दोघंही आनंदाने वळलो आणि एकमेकांना सांगितलं की आपला माणूस अगदी पक्का आहे. रविवारी आम्ही दोघंच दारात उभे होतो.

आता येते त्या 'कळवतो'वर. फोन झाला की त्या माणसापुढे आम्हाला तीनपैकी एक शब्द लिहावा लागतो : गरम, कोमट किंवा गार. घेणारा गरम, विचारात पडलेला कोमट, नाही म्हणणारा गार. माझ्याशी बोलणारे बहुतेक सगळे अगदी गोड आवाजात म्हणायचे, घरी विचारतो आणि कळवतो. आता माणूस कळवतो म्हणाला म्हणजे कळवणारच ना? मी सगळ्यांपुढे 'गरम' लिहीत सुटले. घाईसाहेबांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी रविवारसाठी जादा खुर्च्या मागवल्या, इमारतीच्या छोट्या नमुन्यावरची प्लास्टिकची झाडं स्वतः फडक्याने पुसली. रविवारी मोजून एक माणूस आला, तोही पत्ता विचारायला. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मला समोर बसवून सांगितलं की वहिनी (सगळे मला वहिनीच म्हणतात), आपल्याकडे कळवतो म्हणजे नाही. नाही म्हणायला लाज वाटते म्हणून माणसं कळवतो म्हणतात. वन्सं, मी घरी येईपर्यंत तोच विचार करत होते. लग्न ठरवणारे, घर रंगवणारे, शिलाई मशीन परत करतो म्हणून नेणारे, सगळ्यांचे 'कळवतो' माझ्या डोळ्यांपुढून गेले. आणि सगळ्यात शेवटी तुमचा. तो आठवून मात्र मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तुमचे बंधुराज मजेत आहेत. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. दूध गॅसवर ठेवताना ते वाक्य सुरू करतात आणि दूध उतू गेलं की त्यांचं क्रियापद येतं. आठवड्यातले काही दिवस मी घरूनच काम करते, मशीनचं टिंग माझ्या मोबाइलवर वाजतं. त्यामुळे त्यांची जरा पंचाईत झाली आहे. ते "मी काय म्हणत होतो..." म्हणाले की नेमकं टिंग होतं, मी हात वर करून त्यांना थांबवते आणि कुणा परक्या माणसाला त्याच्या स्वप्नातल्या घराबद्दल विचारायला लागते. परत येऊन बघते तर ते वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले. काय म्हणत होतात विचारलं तर म्हणतात, काही नाही. मध्यंतरी एक अख्खी दुपार ते मोबाइल डोळ्यांजवळ धरून एका बोटाने काहीतरी टिपत होते. वीजबिल भरत असतील म्हणून मी चहा पुढ्यात ठेवला, तो तसाच गार झाला. तेवढं सोडलं तर तक्रार नाही. एरवी संध्याकाळी मी कामावरून आले की आम्ही दोघं गॅलरीत बसतो, ते बोलत नाहीत आणि मीही बोलत नाही (दिवसभर बोलून जबडा दुखतो), आणि खरं सांगते, इतकं बरं आम्हाला बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

प्रकृतीला जपा. दूध वर ओढताना कठड्याला धरा. बंधुराजांचा नमस्कार.

तुमची,
वहिनी

ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी खरी गोष्ट लिहिते. गेल्या आठवड्यात मशीन टिंग झालं आणि पडद्यावर तुमचं नाव आलं. तुमचं संपूर्ण नाव, खाली तुमचा नंबर, आणि 'अपेक्षा' या रकान्यात : "तळमजला. जिना नको. भावाने हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर. घाई नाही, पण लवकर." वन्सं, माझे डोळे भरून आले. तूफानचा हात फोनकडे गेला होता, मी तो वरच्यावर पकडला. (पोरगं घाबरलं.) ही चौकशी माझी, म्हणून ठणकावलं, आणि मग फोन केलाच नाही. पाच मिनिटं गेली, दिवस गेला. घाईसाहेब रोज विचारतात की हा एवढा गरम माणूस तुम्ही गार का होऊ देताय. त्यांना काय सांगू? तुम्हाला पाच मिनिटांत कुणी विचारलं तर तुम्ही "छे, मी इथे मजेत आहे" म्हणून मोकळ्या होणार, आणि एकदा नाही म्हणालात की ब्रह्मदेव आला तरी ते फिरणार नाही. तुम्हाला चार दिवस द्यावे लागतात. म्हणून पत्र. इमारतीच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमची खिडकी दिसते. साहेबांना सांगून मी त्या अडवून ठेवल्या आहेत.

ता. क. दुसरा : मोठाच घोळ झाला. पत्र टाकायला म्हणून बंधुराजांच्या हातात दिलं, तर ते म्हणाले, वाचू का? माझी भाजी चिरून, फोडणीला जाऊन, शिजूनही झाली तेव्हा त्यांचं वाचून संपलं. मग म्हणाले, "मी काय म्हणत होतो..." आणि नवल म्हणजे टिंग झालं नाही. वन्सं, तो फॉर्म त्यांनी भरला होता. ती अख्खी दुपार वीजबिलाची नव्हती, तुमची होती. मी विचारलं, अहो, मला नुसतं सांगायचं ना? तर म्हणाले, "तुला सांगायला गेलो की टिंग होतं. म्हटलं, आपणच टिंग व्हावं." मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. 'घाई नाही, पण लवकर' हे वाक्य वाचतानाच मला ओळखीचं वाटलं होतं, पण मी समजले की तुमच्या माहेरी सगळे असेच बोलतात. तेव्हा वरचा ता. क. वाचून तुम्ही चक्रावून गेला असाल. तो खोडणार होते, पण खोडलेलं तुम्ही उजेडाला धरून वाचताच, म्हणून राहू दिलाय.

ता. क. शेवटचा : तुमच्या नावापुढची जागा मी अजून कोरी ठेवली आहे. तिथे गरम लिहायचं की गार, ते तुम्ही सांगा. खरंच नको असेल तर सरळ नाही म्हणा, आम्ही रागावणार नाही. फक्त 'कळवते' म्हणू नका, आता मला त्याचा अर्थ कळतो. फोन दुपारी करा. मी कामावर असते, बंधुराज कालपासून खुर्ची फोनच्या शेजारी ओढून बसले आहेत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. फोन तेच उचलणार. तेव्हा वन्सं, जरा जास्त वेळ वाजू द्या.