विभागात एक माणूस पुरे

३ मार्च

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, कॅलिब्रेशनचं, म्हणजे उपकरणं अचूक मोजतात का ते तपासायच्या कामाचं, सॉफ्टवेअर या महिन्यात घ्यायचंच. कंपन्या बघा, एक निवडा. मला आनंदच झाला — कुठला वजनकाटा, कुठला थर्मामीटर, कुणाची तपासणी कधी, हे एक्सेलमध्ये शोधून शोधून डोळे गेलेत माझे. मग हळूच म्हणाले, "ते आलं की विभागात एक माणूस पुरे. कोण राहावं ते तुम्हीच सुचवा. बाहेर बोलू नका."

विभागात माणसं दोनच. मी आणि शेजारीण. टेबलाला टेबल लावून बसते म्हणून शेजारीण.

४ मार्च

डोळ्याला डोळा नाही. नवरा म्हणतो, "तू राहतेस म्हणून सांग, त्यात काय विचार करायचा?" त्याला काय जातंय.

७ मार्च

पहिला डेमो. अगदीच टाकाऊ! मागची तारीख टाकली तरी निमूट घेतं. तपासणीची मुदत टळलेला काटाही हिरवागार, म्हणजे ठीक, दाखवत होतं. आणि मला ते बरं वाटलं — हे आलं तर काम कमी व्हायचंच नाही, दोघीही लागू. चांगलं निवडायला बसवलंय आणि मी वाईट शोधतेय.

शेजारीण बाहेर आल्यावर म्हणाली, "असलं घेतलंस तर बोलणार नाही हं मी तुझ्याशी."

९ मार्च

रविवार. भाजी दोनदा करपली. सारखी तिच्या दोन मुलींची शिक्षणं, सासूबाईंचं आजारपण डोळ्यांपुढे. तिच्याकडे ती एकटीच कमावती, आमच्याकडे दोघं. तरी 'मीच जाते' हे एकदाही मनात आलं नाही. आत्ता लिहिताना कळलं. पेन ठेवून दिलं.

१२ मार्च

दुसरी कंपनी. हे मात्र खरंच चांगलं. मुदत जवळ आली की आठवण करतं, प्रमाणपत्र स्वतः काढतं, आणि मुदत टळलेल्या उपकरणावरची नोंद घेतच नाही. शेजारीण खूश. "आता सासूबाईंना दवाखान्यात न्यायला वेळेवर निघेन मी."

मग डेमो देणाऱ्या मुलीला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. काहीतरी खोट काढायचीच होती. शेवटी म्हटलं, "मोजणाऱ्यानेच मंजुरी दिली तर?"

"होत नाही मॅडम. मोजणारा एक, मंजुरी देणारा दुसरा. तो नियम कुणालाच बंद करता येत नाही."

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. उठून तिला मिठीच मारणार होते!

१३ मार्च

साहेबांना सांगितलं — हेच घ्या, पण माणसं दोन लागतील.

"मंजुरी मी देईन की."

मी म्हटलं, "रोज? एकेक आकडा स्वतः पडताळून? आणि ऑडिटमध्ये उत्तरंही तुम्हीच देणार?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग, "बरं. राहा दोघी. तो विषय निघालाच नव्हता असं समजा."



१४ मार्च

मेल्यासारखी झोपले.

२४ मार्च

सॉफ्टवेअर सुरू झालं. पहिला थर्मामीटर मी तपासला, आकडे भरले. शेजारीण मागे उभी होती. स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "साहेबांनी मलाही विचारलं होतं. तुझ्या आधी. मी म्हटलं, तिला काढा. तुम्ही दोघं कमावता गं."

मंजुरीला तिचा पासवर्ड हवा होता. मी खुर्ची बाजूला सरकवली.

"टाक," म्हटलं.