तुम्हाला घाम येत नव्हता

अहो,

प्रिय वगैरे लिहायला हात धजत नाही. जन्मभर 'अहो' म्हणूनच हाक मारली, तीच लिहिते. चैत्र लागलाय. दुपारचं ऊन थेट तुमच्या पलंगावर येतं आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही. तुम्ही गेल्यावरचा हा पहिला उन्हाळा. इतक्या रिकाम्या दुपारी मिळाल्यात आणि मला झोपच येत नाही! म्हणून लिहायला बसले.

तिसऱ्या मजल्यावरचा हा पश्चिमेचा फ्लॅट तुम्हीच पसंत केला होता. बीडमध्ये तेव्हा नवीन अपार्टमेंट उभी राहायला लागली होती. खिडकी उघडून तुम्ही म्हणालात, "सुनंदा, मावळतीचं कसं दिसायलंय बघ! सिरसाळ्याच्या दुकानात जन्मभर समोरची भिंतच बघितली." मी म्हटलं, उन्हाळ्यात भट्टी होईल हो. तुम्ही हसलात. धडधाकट होतो आपण, हसू येत होतं.

मग सिरसाळ्याहून येताना जीप उलटली, तुमचा मणका मोडला. छातीखालचं अंग तुमचं राहिलं नाही. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "यांना आता घाम नीट येणार नाही. उकाड्यानं ताप चढला तर गोळीनं उतरणार नाही. यांना गार ठेवा बाई, तेच औषध."

गार ठेवा! बीडला, मे महिन्यात, पश्चिमेच्या खोलीत!

सकाळीच खिडक्या लावायच्या. बाहेरून वाळ्याचा पडदा, त्यावर सारखं पाणी. डोक्यावरच्या गच्चीला चुना फासून वर कडबा पसरला, तर बिल्डिंगमधले म्हणाले, "हा काय गोठा हाय का?" कूलर आणला, पण दुपारी लाईटच नसायची. टीव्हीवर जाहिरातीतली बाई एसीपुढं हसायची, आणि मी खालच्या हापशावरून बादल्या चढवायची. तुमच्यावर ओली चादर टाकली की तुम्ही म्हणायचात, "मी काय मेथीची जुडी हाय का, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला?" मला हसू यायचं, नंतर नंतर तेही येईना.

तुम्ही चिडायचात. खिडकी उघड म्हणायचात, अंधारात कोंडलंस म्हणायचात. एकदा तरी विचारलंत का, तू जेवलीस का म्हणून?

ती दुपार तुम्हाला आठवते का? तुम्ही तर शुद्धीत नव्हतात. सकाळपासून लाईट नव्हती, टाकी कोरडी, हापशाला पाणी येईना. तुमचं अंग तव्यासारखं. दुकानातल्या गिऱ्हाइकांशी बोलत असल्यासारखं तुम्ही काहीबाही बडबडायला लागलात. मी जिना धावत उतरले आणि तळमजल्यावरच्या रझियाभाभीचं दार वाजवलं. तिची मागची खोली उत्तरेची, तिथं ऊन कधीच यायचं नाही. तिच्या मालकांनी आणि शेजाऱ्यांनी तुम्हाला खुर्चीला बांधून खाली आणलं. जिन्यात तुम्ही ओरडत होतात, "जित्तेपणीच उचलायलेत मला! सोडा!"

संध्याकाळी ताप उतरला. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही खाली यायला साफ नकार दिलात. लोक बघतात म्हणे! मग भाभीच वर आली, दारात उभी राहिली.

"भाईसाब, ऊपर मरना है तो मरो. पर तुम्हारे पहले ये बाई मरेगी. इसका मुँह देखे क्या कभी?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. कितीतरी दिवसांनी नीट बघितलंत. मग हळूच म्हणालात, "खुर्ची आणा."

त्यानंतर सगळ्या दुपारी आपण भाभीकडं. तुम्ही तिच्या मुलींचं गणित घ्यायचात, चुकलं की खोटं खोटं रागवायचात. मी फरशीवर पदर टाकून मेल्यासारखी झोपायची.

आणि गेलात कधी? पौषात! छातीत कफ साठला. सगळी बिल्डिंग स्वेटर घालून दारात उभी होती. इतके उन्हाळे मी तुम्हाला राखलं, आणि नेलं ते थंडीनं. मला राग आला होता. कुणाचा, ते अजून कळलं नाही.

परवा शिरूर कासारची एक बाई आली. आपल्याच डॉक्टरांनी पाठवली. तिचा नवरा ऊसतोडीच्या ट्रकवरून पडला, तुमच्यासारखाच मणका गेला. पत्र्याची एक खोली. म्हणाली, "ताई, त्यास्नी घाम येईना. आता ऊन लई वाढंल. कसं करू?"

खरं सांगू? दार लावून घ्यावंसं वाटलं. त्या सगळ्यात पुन्हा शिरायची ताकद नाही हो माझ्यात. तरी तिला बसवलं, पाणी दिलं, सुचेल ते सांगितलं. ती मान हलवत राहिली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "आन् ताई, तुमी झोपत कवा होता?"

मी तिला परत आत बोलावलं आणि तिचा पत्ता लिहून घेतला.

रविवारी एसटीनं शिरूरला जाणार आहे. पत्रा कशानं झाकायचा, ते तिथं बघितल्यावरच कळेल. पण एक नक्की. आठवड्यातून एक दुपार मी तिच्या नवऱ्यापाशी बसेन, चादर ओली करेन, आणि तिला झोपायला लावेन. दमलेय मी. तरी एवढं करेन, हा तुम्हाला शब्द.

तुमची,
सुनंदा