दादाचं हसू

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तब्येतीची खबर वहिनीकडून रोज मिळते, म्हणून ती विचारत नाही.

"तू बोलायला लागलीस की माणसं घड्याळाकडे बघतात," असं तू म्हणाला होतास, मी शाळेत असताना. आता रेडिओवर तुझ्या खुर्चीत बसून सकाळचा कार्यक्रम करते, तर समोरच्या भिंतीवरचं घड्याळ तेच म्हणत असतं. तुझ्याशी लोक भांडायला फोन करायचे. "काका, मुद्दा संपला म्हणून आवाज वाढवलात का?" असं तू विचारलंस तरी काका दुसऱ्या दिवशी हजर! मला मात्र बहुतेक सगळे "ताई, दमू नका हं" म्हणतात.

एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलंच. तुझ्या ऑपरेशननंतर साहेबांनी तुझ्या हसण्याचा एक जुना तुकडा काढून ठेवला. मी विनोद केला, किंवा फोनवरचं कुणी खवचट बोललं, की आमचा ध्वनिवाला ढब्बू बटण दाबायचा. ऐकणाऱ्यांना वाटायचं, दादा शेजारीच आहेत, घसा बसलाय एवढंच. मी गप्प राहिले. खरं तर तू हसलास की मला धीर यायचा.

काल ढब्बूचं कोपर त्या बटणावर पडलं. फोनवर तुझ्या त्या भांडखोर शिक्षिकाबाई होत्या. नवरा गेल्यापासून घर कसं गप्प झालंय, ते सांगत होत्या. आणि तू खदखदून हसलास.

ढब्बूनं झटकन कोपर उचललं.

"त्या हसणाऱ्याला फोन द्या," बाई म्हणाल्या.

"नाही देता येत, बाई. त्याचं स्वरयंत्र काढलंय. हे हसणं जुनं आहे."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने मी ठरवून खवचट बोलत होते, ते एका टेपला हसवायला?"

मला हसू फुटलं, दादा. माझं स्वतःचं, नाकातून येणारं, तू चिडवायचास ते. मग त्याही हसल्या.

"आता कसा हसतो तो?"

"टेबलावर हात आपटतो. चहा सांडतो."

"मग ते ऐकवा की!"

नंतर फोन थांबेनात. निम्म्यांनी मला झापलं, मीही ऐकून घेतलं नाही. बातम्यांची वेळ टळून गेली, तरी माझं घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. साहेब धुमसतायत, पण कार्यक्रम माझ्याकडेच ठेवलाय. तो तुकडा मी पुसायला लावला. काल किती दिवसांनी गाढ झोपले म्हणून सांगू!

सोमवारी येशील? बोलायचं काहीच नाही. समोर बस, माइक टेबलाशी टेकवून ठेवीन. हसू आलं तर हात आपट, नाही आलं तर खुशाल घड्याळाकडे बघ. तू पाटीवर मोठ्या अक्षरांत 'नाही' लिहिशील, ठाऊक आहे. तरी विचारते. चहा तुझ्या हातापासून लांब ठेवीन. ये ना.

तुझीच,
नाकातून हसणारी