खाणीपासून पुढे पायी

अण्णा, आपल्या गावच्या कातळी सड्यावर यंदा अर्ध्या पावसाळ्यानंतर जीप चढली नाही. तुम्हाला यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही, कारण तुमच्या हयातीत त्या कातळावर कुणी बैलगाडीसुद्धा नेली नव्हती. पण अलीकडे पावसाने समुद्र बंद झाला की पर्यटक सड्याकडे वळू लागले होते. चाके चिखलात रुतवायची, गरगर फिरवून बाहेर काढायची आणि या उपद्व्यापाला साहस म्हणायचे, असा तो खेळ. अशा माणसांविषयी माझे मत काय असेल ते तुम्ही ओळखालच, आणि ते मी अद्याप सौम्य केलेले नाही. अडचण एवढीच होती की त्यांना वर नेणारी जीप तुमच्या नातवाची होती.

सडा मला तुम्ही दाखवलात. मी शाळेत आहे, चतुर्थीला दोन दिवस उरले आहेत आणि मामलेदार कचेरीत मोजूनमापून शुद्ध मराठी बोलणारे तुम्ही कातळावर पाऊल टाकताच चपला काढता आणि मालवणीत शिरता. गणपतीवर टांगायच्या लाकडी माटवीला बांधायला आपण हरणाची रानफुले आणि कांगल्यांची फळे शोधतो आहोत. दगडांच्या खळग्यांत बोटभर माती, त्या मातीत हे सगळे जग. मी घाईने हरणांची मूठभर रोपे मुळासकट उपटते. "उपाटलंस?" तुम्ही थांबता. "फुडल्या वर्सा माटवीक काय तुझी वही बांधतलंस?" परतताना तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पुढच्या चतुर्थीआधी मात्र लोहाराकडून माझ्या हाताच्या मापाची कोयती करून आणलीत. उपटायचे नाही, कापायचे, हा माझा पहिला कायदा. पुढे पुण्यात उभी हयात मी कायदाच शिकवला, पण इतक्या थोडक्यात मला तो कधी शिकवता आला नाही.

जुलैत घरी आले ती भांडायच्या तयारीनेच. स्वयंपाकघरात वहिनी घावने काढत होती आणि तुमचा नातू, आता तिशी ओलांडलेला, पाटावर जेवायला बसला होता. तिन्हीसांजेला मी सड्यावर जाऊन आले होते. खळग्यांतली माती चाकांनी खरवडून नेली होती आणि तिथे तांबडे पाणी साचले होते. मी त्याला ते सांगितले. सांगण्याचा सूर वर्गातला होता, हे मान्य.

"आते, तू पुण्यातसून येतस, कायदो सांगतस आणि जातस. हंय मी रवतंय," तो म्हणाला. "पावसात होडी बंद. दर्यो बंद, सडो पण बंद, मगे चार म्हयने माती खाव?"

"रे, जेवताना तरी गप रव," वहिनी म्हणाली आणि माझ्या पानात आणखी एक घावन टाकून मलाही गप्प केले. सडा सामाईक जमीन असल्याने निर्णय ग्रामसभेच्या हाती होता. मी ठरावाचा मसुदा लिहायला घेतला आणि त्यात एकही पळवाट ठेवली नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी तो स्वतः वाचला. पावसाळ्याच्या आरंभापासून दिवाळीपर्यंत सड्यावर कोणतेही वाहन, व्यक्ती वा जनावर यांस प्रवेश असणार नाही. वाचून मी चष्मा काढला. ठराव मंजूर झाल्यासारखे सरपंचबाईंकडे पाहिले.

"मगे माटवीक काय लावचा?" मागून शेजारची काकी उठली. "प्लास्टिकची हरणां?"

"आणि काके, तुझी म्हस स्लॅबार चरयतलंस!" कुणीतरी म्हणाले, आणि सगळी सभा हसली. एका दमात मी गावाला त्याच्याच चतुर्थीतून हद्दपार केले होते. पण काकी हसली नाही. "गेल्या वर्सा हरणां गावली खंय? गाडयेंनी चेचून टाकल्यानी. माझी माटवी अर्धी उघडी होती, देवासमोर माका लाज वाटली."

हसणे थांबले आणि सगळे तुमच्या नातवाकडे वळले. तो उठला तेव्हा ठराव बुडाला, अशी माझी खात्री झाली.

"खरा सांगता ती," तो म्हणाला. "माझ्या चाकाचो वळ थंय आसा, गेल्या वर्साचो. अजून थंय काय्यक उगवाक नाय." मग माझ्याकडे न पाहता, सरपंचबाईंना उद्देशून, "गाडी चिऱ्याच्या खाणीकडे थांबांदे. फुडे पायी चलान. लोकांका सडो दाखवूक मी नेतंय, पैसे चलण्याचे घेतंय. पण माणसांका आणि गुरांका बंदी नको."

"चिखल नाय तर कोण येतलो रे तुझ्याकडे?" एका लॉजवाल्याने टोमणा मारला.

"नाय इलो तर तुझ्या लॉजात भांडी घासूक येतंय," तो म्हणाला. पुन्हा हशा झाला, आणि हात वर झाले. लॉजवाल्याचाही, सर्वांत शेवटी. माझ्या मसुद्यातले 'वाहन' आणि 'दिवाळीपर्यंत' एवढेच टिकले.

आज सकाळी खाणीपाशी दोर बांधलेला होता. एका जीपमधले पर्यटक शिव्या देत मागे वळले. दुसरीतले कुटुंब खूप वेळ कुरकुरले आणि शेवटी खाली उतरले. तो पुढे, ते मागे, मी सर्वांच्या मागे. "पाय दगडार ठेवा, मातयेर नको," तो वळून वळून सांगत होता. त्यांच्यातली बाई एका खळग्यापाशी उकिडवी बसली ती उठेचना. एवढ्याशा मातीत इतकी फुले कशी, असे विचारत राहिली. त्याने तिला एकेकाचे नाव सांगितले. एक नाव चुकीचे होते. मी त्याला अडवले नाही.

आता तो ओटीवर बसून पायांचा चिखल धूत आहे. उठून दोन पावले टाकली की त्याला सांगता येईल, की सभेत तो माझ्यापेक्षा नेमके बोलला आणि मला त्याचा अभिमान वाटला. आपल्या घरात हे तोंडावर कसे बोलतात ते मला माहीत नाही, अण्णा. म्हणून मघापासून त्याच्याशी बोलायचे टाळून मी तुम्हाला लिहीत बसले आहे.