टाकीचे पाणी गढूळ होऊ न देण्याबाबत

मी, घरात मोठी म्हणून ओळखली जाणारी, अविवाहित, चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याच्या कामावरून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला त्यांना देता आला नाही, म्हणून ही घाई. वकीलबाईंनी मजकूर एकदा नीटनेटका करून दिला होता, पण त्यात माझे बोलणे सगळे गळून पडले. म्हणून हा पुन्हा माझ्याच, डाव्या हाताने लिहिला आहे.

१. बँकेतली शिल्लक माझ्या बहिणीला. साठी ओलांडली तरी तिला धाकटीच म्हणतात. ती पैसे घेणार नाही. तरी तिच्या नावावर ठेवावेत.

२. काचा घासायचे चाक मी जिथे काम केले त्या दुकानाला परत द्यावे. ते जरा डावीकडे ओढते, हे नव्या माणसाला आधी सांगावे. मला कोणी सांगितले नव्हते.

३. मावसभावाला काहीही नाही. त्याला मी विसरले असे त्याने समजू नये. आठवणीने वगळले आहे. मी घरात बसलेली असताना तो माझ्या खोल्या टेपने मोजत होता.

४. आता घर. वडिलांचे घर आम्हा दोघींना निम्मे निम्मे आले. धाकटीला ते विकायचे होते, मला नव्हते. शब्दाने शब्द वाढत गेला आणि तिने गवंडी बोलावून मधोमध भिंत घातली. भिंत तिने घातली, मी नाही, एवढे कागदावर राहू द्यावे. वडिलांची माशांची मोठी टाकी नेमकी हद्दीवर येत होती. हलवली तर तडकेल म्हणून गवंड्याने खालीवर विटा रचून ती भिंतीतच बसवून टाकली. विजेचे बटण माझ्या बाजूला, म्हणून मोटर, फिल्टर आणि झाकण माझ्याकडे आले. तिच्याकडे नुसती काच. तेव्हापासून आमचे बोलणे बंद झाले.

तिची खुर्ची काचेच्या पलीकडेच असते. पाणी स्वच्छ असले की मला ती पूर्ण दिसते. हे वाक्य वकीलबाईंनी खोडले होते. मी ते परत घातले आहे.

५. मासे गोल्डफिश आहेत आणि घाण करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. फिल्टरच्या डब्यात पाणी आधी जाड स्पंजातून जाते, मग बारीक पांढऱ्या कापसातून. स्पंज मोठा कचरा अडवतो. पाण्यात नुसते धुके दिसते ती भुकटी मात्र कापसातच अडकते. उलटे लावले तर कापूस लगेच तुंबतो, पाणी कडेने वाट काढते आणि मोटर रडायला लागते. स्पंज टाकीतलेच पाणी बादलीत घेऊन त्यात खळबळावा, नळाखाली कधीही धरू नये. त्यात पाणी निरोगी ठेवणारे जंतू असतात, ते मरतात. कापूस मात्र धूत बसू नये, दर तीन-चार दिवसांनी नवा घालावा. दोन्ही कामे एका दिवशी करू नयेत.

कापूस माशांच्या दुकानातलाच आणावा, औषधाच्या दुकानातला नको. मी इस्पितळात होते तेव्हा समोरच्या सुताराने जखमेवर लावायचा कापूस घातला होता. त्याचे तंतू सुटून टाकीचे दूध झाले आणि मोटर अडकली. त्याचा हेतू चांगला होता, म्हणून मी फक्त एकदाच ओरडले.

६. एवढा खटाटोप माशांसाठी नाही. धाकटीची साखर एकदम उतरते आणि ती एकटी राहते. फोन ती उचलत नाही. दोन वर्षांपूर्वी दुपारी मी कापूस बदलून हात पुसत होते, तेवढ्यात पलीकडे ती खुर्चीवरून घसरली. मी काच बडवली. मासे सैरावैरा पळाले, ती हलली नाही. मग मी रस्त्याने वळसा घालून तिच्या दारी गेले, तर दाराला आतून कडी. मी तिथे उभी राहून नुसती हाका मारत होते. शेवटी समोरून सुतार धावत आला आणि त्याने कडी उखडली.

ती वाचली. घरी आल्यावर तिने त्याच सुताराला बोलावून नवी, भक्कम कडी बसवून घेतली. मला निरोप नाही, काही नाही. याचा मला राग आहे आणि तो माझ्यासोबतच जाईल.

७. माझी बाजू धाकटीला दिली तर ती कुलूप लावून ठेवील आणि काचेच्या अलीकडे कोणी उरणार नाही. म्हणून माझी बाजू सुताराला, कारखान्यासाठी. अट एकच: टाकीचे पाणी स्वच्छ ठेवावे आणि येताजाता पलीकडे बघावे.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो ताई, स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ? असं कोर्टात टिकत नाही."

मी म्हटले, "पलीकडचं माणूस झोपलंय की बेशुद्ध आहे, हे कळण्याइतकं. झोपली की तिचं तोंड उघडं असतं. साखर उतरली की मान डावीकडे पडते. एवढं दिसायला हवं."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि अट तशीच लिहून घेतली. सुतारालाही बोलावले होते, तो मात्र अवघडून बसला होता. तो म्हणाला, "मोठ्या ताई, कापूस बदलीन, बघीनही. पण त्या पुन्हा पडल्या तर मी काय करू? ती कडी मीच बसवलीय. ती तुटायची नाही."



८. गेल्या महिन्यापासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. झाकण उंचावर आहे आणि जड, एका हाताने निघत नाही. सुतार गावाला गेला होता, म्हणून कापूस तसाच राहिला. पाणी आधी पिवळसर झाले, मग ताकासारखे. धाकटी नुसती सावली होऊन दिसू लागली आणि मी दिवसभर त्या सावलीकडे बघत बसले. दुसरे काही करता येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. "ताई! पाणी गढूळ का झालंय? जिवंत आहेस ना?"

इतक्या वर्षांनी तिने मला ताई म्हटले. मी म्हणाले, "आहे! खांदा धरलाय, हात वर जात नाही!"

"बरं," ती म्हणाली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी काचेला कपाळ टेकून खूप रडले. मी तिच्यावर नजर ठेवते असे समजत होते. तीही रोज पाणी बघून माझी खबर घेत होती, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

सुतार परतल्यावर मी माझ्या दाराची कडी काढून घेतली. पलीकडची काढायची तर तिने सांगायला हवे, आणि तिने अजून सांगितलेले नाही.

९. म्हणून ही शेवटची सूचना, जी कोर्टात टिको वा न टिको. मी गेले की सुताराने इतर काहीही करण्याआधी कापूस बदलावा. गढूळ पाणी बघून धाकटीला कळू नये. मग तिच्या दारी जाऊन कडी वाजवावी. ती दार उघडणार नाही. बाहेरूनच मोठ्याने, स्पष्ट शब्दांत सांगावे की ताई गेली. सांगून लगेच निघून जाऊ नये. ती उठून दारापर्यंत येईपर्यंत थांबावे. तिला वेळ लागतो.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर डाव्या हाताने सही केली. उजवा उचलत नाही.

सही: मोठी

साक्षीदार पहिला: चष्म्याच्या दुकानाचे मालक (सही)
साक्षीदार दुसरी: कोपऱ्यावरच्या माशांच्या दुकानातल्या बाई (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ ऑगस्ट